तात्यांच्या गाडीखालचा पत्रा

ती घटना मी कधी विसरलो नाही, पण आजवर ती अर्धीच सांगत आलो. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता उरलेली अर्धीही सांगतो.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी दीडच्या सुमारास फोन आला की शेळगावच्या अलीकडे एका वाडीवर दोन एकर ऊस पेटला आहे. आम्ही पोचेपर्यंत काळे बुडखे उरले होते.

ऊस जळाला की पोलीस पहिला संशय मालकावरच घेतात. जळीत उसाला साखर कारखाना आधी तोड देतो, रांगेत थांबवत नाही, म्हणून कोणी कोणी स्वतःच काडी लावतात. पण हा ऊस आठ महिन्यांचा होता, बेण्यासाठी, म्हणजे पुढच्या लागणीसाठी राखलेला. जळालेले बेणे कुणाच्याच कामाचे नाही. म्हणजे मालक सुटला.

मालकाला सगळे तात्या म्हणत. उभी नोकरी वालचंदनगरला फिटर म्हणून झालेली. गुडघे गेलेले, सरीतून चालवत नव्हते, म्हणून त्यांनी बारामतीकडच्या एका बागायतदाराकडून जुनी साइड-बाय-साइड गाडी घेतली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ती जीप नव्हे आणि ट्रॅक्टरही नव्हे. शेजारी शेजारी दोन सीट, वर लोखंडी सांगाडा, मागे छोटा हौदा, जाड टायर. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, शेतातच फिरवायची. वाडीवर तिला खेकडा म्हणत.

तात्या त्या खेकड्याला लेकरासारखे जपत. दर रविवारी एअर फिल्टर काढून झटकायचा, ग्रीस भरायचे, पट्टा तपासायचा, कूलंट बघायचे. सीटमागे अडकवलेल्या वहीत हे सगळे तारखेनिशी लिहिलेले. मी पाहतच राहिलो. माझ्या ठाण्याच्या जीपचे इतके कधी कुणी केले नव्हते.

फिर्याद देताना तात्यांनी शेजाऱ्याचे नाव घेतले. शेजारी म्हणजे आबा. पूर्वी मेंढरे राखणारे, आता तीन एकर शेती. बांधावरून दोघांची कुरबूर होती, कारण तात्यांच्या गाडीने बांधाची कड ढासळली होती. दुसऱ्या दिवशी कॅनॉलवरच्या टपरीवाल्याने खबर दिली. "साहेब, आग लागायच्या आदी आबा बांधावर हुता. तोंडात बिडी हुती. म्या बगितलंय."

मला तेवढे पुरले.

आबांना ठाण्यात आणले. स्टेशन डायरीला नोंद केली नाही. 'चौकशीला बसवलंय' एवढेच. दोन दिवस ते बाकड्याच्या कडेला बसून होते. डबा आला, तो उघडला नाही. किती विचारले तरी एकच उत्तर. "बिडी वढत हुतो, व्हय. पर काडी न्हाय लावली. उभ्या पिकाला काडी लावायला मी काय येडा हाय?"

मी त्यांच्या अंगाला बोट लावले नाही. हे मी पुढे कित्येकदा अभिमानाने सांगितले, प्रशिक्षणार्थींसमोरसुद्धा. काय केले ते सांगत नसे.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक कागद आला होता. आबांची लेक पोलीस भरतीत निवडली गेली होती आणि तिची चारित्र्य पडताळणी आमच्या ठाण्याकडे होती. मी तो कागद उचलला, आबांसमोर धरला आणि म्हणालो, "बापावर गुन्हा आणि बाप कबूल होत नाही, असा शेरा मारला की पोरगी घरी बसली. कबूल झालात तर शेती-भांडणाची किरकोळ केस. कागद मी आजच पाठवतो."

बापावरच्या गुन्ह्याने मुलीची नेमणूक अडत नाही, हे मला ठाऊक होते. त्यांना नव्हते.

आबांनी कागदाकडे पाहिले. वाचता येत नव्हते, पण लेकीचा फोटो होता. मग म्हणाले, "लावली म्या. ल्ह्या."

मी लिहिले. हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, काडी कुठनं लावली ते तरी दाखवू द्या त्यांना." म्हातारे हवालदार, बोलणे कमी. मला राग आला, पण मुद्दा बरोबर होता. आगीची सुरुवात कुठून झाली हे पंचनाम्यात नीट आलेच नव्हते. म्हणून अटक दाखवण्याआधी तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे पुन्हा वाडीवर गेलो.

तात्या म्हणाले, "चालत कशाला साहेब, बसा की गाडीत." मी शेजारच्या सीटवर, हवालदार मागच्या हौद्यात. आदल्या महिन्यात ऊस तुटलेल्या रानातून आम्ही निघालो. सगळीकडे पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, गुडघाभर पसरलेली. गाडी त्यातून होडीसारखी चालली होती. तात्या खुशीत होते. "खोडक्यांवर टायर टिकतात साहेब, पण एक्सलची रबरं फाटायची. म्हणून खाली पत्रा मारलाय. कडा परातीसारख्या वर वळवल्यात. माझं सोताचं डिझाइन. दोन वर्षं झाली, एक रबर फाटलं न्हाय."

विहिरीपाशी थांबलो. इंजिन बंद केले. मागून हवालदारांचा आवाज आला, "तात्या, बुडाखाली कायतरी जळतंय वो."

सीटखालून निळसर धूर येत होता. हवालदारांनी विहिरीवरची घागर उपडी केली. चर्र आवाज झाला. मग तात्या त्या गुडघ्यांनी जमिनीवर आडवे झाले आणि पान्याने पत्रा सोडवू लागले. पत्रा खाली आला तसा काळा, कोळशासारखा थर धपकन पडला. चाकांच्या वरून आत आलेले पाचट त्या परातीत साठत होते, सायलेन्सरला चिकटून धुमसत होते, आणि धक्का बसला की निखारा होऊन मागच्या फटीतून गळत होते. गाडीला पत्रा नसता तर ते तिथल्या तिथे खाली पडले असते.

"आगीच्या दिवशी गाडी कुठे होती?" मी विचारले.

"मोटर बंद कराया गेलतो. हितनंच." तात्या उठलेच नाहीत. "बेण्याच्या कडंनं. घरी येऊन भाकरीवर बसलो, तर धूर." पान्याकडे बघत म्हणाले, "साहेब, दर रविवारी सगळं उघडत हुतो. हा पत्रा मात्र कवा खोलला न्हाय. माझ्याच हातचा हुता ना."

मी ठाण्यात फोन केला. "आबांना चहा द्या." पलीकडच्या शिपायाने दोनदा विचारले, "कुणाला?"

तात्या हट्टाने आमच्या जीपमध्ये बसून आले. आबांसमोर उभे राहिले, टोपी काढली. सगळे ठाणे ऐकत होते. "आबा, माझ्या गाडीनं जळलं. म्या तुमचं नाव घेतलं. चुकलं माझं."

आबांनी त्यांच्याकडे बघितलेच नाही. ते माझ्याकडे बघत होते. "मग सायब, पोरीचा कागद?"

मी शेऱ्याच्या जागी 'काही प्रतिकूल नाही' लिहिले, सही केली. आबांनी मला हात जोडले.

कबुलीचा कागद मी फाडून टाकला. गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल कोर्टात गेला. त्यात मी लिहिले, 'सखोल तपासात निष्पन्न झाले.' वरिष्ठांनी शाबासकी दिली. आणि त्या वर्षापासून दर संक्रांतीला आबांकडून काकवीचा डबा येऊ लागला. साहेबांनी पोरीची नोकरी वाचवली म्हणून. मी तो घेत राहिलो. पोळीबरोबर खात राहिलो.

पाच वर्षांनी बारामतीत एका बंदोबस्तात एका महिला शिपायाने मला सॅल्यूट केला. आबांची लेक. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर शांतपणे म्हणाली, "सर, बापावरच्या केसनं पडताळणी अडत नाही. ट्रेनिंगला कळलं मला." तीच पुढे म्हणाली, "आबांना सांगितलं नाही मी. त्यांना तुमचा लई आदर आहे. कशाला मोडायचा?" पुन्हा सॅल्यूट केला आणि आपल्या जागेवर गेली.

नोकरीत मी एक शिकलो होतो. माणूस कशाला जपतो ते शोधले की तो बोलतो. ते खरेच आहे. पण त्या जागी हात घातला की माणूस खरे बोलत नाही, आपल्याला हवे ते बोलतो. आणि कबुली हातात आली की आपला तपास तिथेच संपतो. तात्यांनी एक पत्रा उघडला नव्हता. कळल्यावर त्यांनी चारचौघांत टोपी काढली. मला तेवढे करायला इतकी वर्षे लागली.

गेल्या दिवाळीनंतर वाडीवर गेलो. गाडी अंगणात होती. पत्र्याला आता हात जाईल एवढी भोके पाडलेली. आबा लोखंडी आकडी घालून खालचे पाचट ओढून काढत होते आणि तात्या वरून ओरडत होते, "आबा, डावीकडं! डावीकडं ऱ्हायलं!" "दिसतंय मला, आंधळा न्हाय मी!" आता रोज दोघे शेजारी शेजारी बसून रानात जातात.

तात्या आत गेले तेव्हा मी आबांना सगळे सांगितले. कागद, शेरा, माझे खोटे.

आबा आकडी तशीच धरून बसले. "म्हंजी मी न्हाय म्हनलो असतो, तरी पोरगी लागली असती?"

"होय."

त्यांनी आकडी खाली ठेवली. "मी लावली म्हनलो, ते घरात अजून कुणाला ठावं न्हाय," म्हणाले. "माझी मलाच लाज वाटायची." मग तांब्या पुढे केला. "पाणी पिऊन जावा."

प्यालो, निघालो.

या संक्रांतीला काकवीचा डबा आला नाही. बायकोने दोनदा विचारले. तिला म्हटले, यायला नकोच होता.