मागच्या गल्लीतली ड्यूटी

ठाण्यात साहेबांनी ऑर्डर सगळ्यांसमोर वाचली. सर्च वॉरंट हातात असलं तरी न सांगता कोणाच्या घरात शिरायचं नाही. दार वाजवायचं, नाव सांगायचं, वॉरंट दाखवायचं. उघडलंच नाही, तरच दार तोडायचं.

ऑर्डर निघाली माझ्यामुळे. आठवड्यापूर्वी मी एक दार तोडलं होतं. आत बाळंतीण लेकराला पाजत बसली होती. माल सापडला नाही, तक्रार मात्र आली.

"निनावे, मेश्राम मॅडमकडून शिका," साहेब म्हणाले.

मेश्राम माझ्याच बॅचची पीएसआय. ती पहिल्यापासून दार वाजवूनच आत जायची आणि माल घेऊनच यायची. तिचं नाव निघालं की मी जळायचो.

दोन दिवसांनी इतवारी भागातल्या एका घरात चोरीच्या दागिन्यांसाठी झडती होती. इन्चार्ज तीच.

"निनावे, तुम्ही मागच्या गल्लीत थांबा. खिडकी तिकडंच आहे."

"दार वाजवून चोराले टाइम देता काहून?"

"टाइम देऊन राहिली म्हणूनच तुम्हाले मागं ठेवलं नं."

मी एकटाच गल्लीत गेलो. पहिल्या मजल्यावरून तिचा आवाज आला. "पोलीस! मी सब-इन्स्पेक्टर मेश्राम. झडतीचं वॉरंट आहे. दार उघडा."

झडती फसावी, असं मला मनापासून वाटत होतं.

तेवढ्यात खिडकी उघडली आणि एक गाठोडं माझ्या बुटाजवळ पडलं. कोणी पाहिलं नव्हतं. मी त्यावर पाय ठेवला. बाजूला नाली होती. एक लाथ मारली, की मॅडमची पद्धत संपली असती.

वर ती कोणाला तरी सांगत होती, "आजी, बसा तुम्ही. घाबरू नका."

मला ती बाळंतीण आठवली. तिला घाबरू नको म्हणायला मी थांबलो नव्हतो.

मॅडम खिडकीत आली. "निनावे, काही पडलं का जी?"

मी नालीकडे पाहिलं. मग पाय उचलला. "पडलं. पंचांना पाठवा."

पंच म्हणजे झडतीचे साक्षीदार, त्याच मोहल्ल्यातली दोन माणसं. त्यांच्यासमोर गाठोडं उघडलं. दागिने निघाले. पुढे कोर्टात पंचांची साक्ष टिकली, आरोपीला शिक्षा झाली.

मॅडमने रिपोर्टात लिहिलं, 'पीएसआय निनावे यांच्या दक्षतेमुळे माल मिळाला.' साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्यापेक्षा त्यांनी झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

नवीन पोरांना मी आता एवढंच सांगतो: दार वाजवल्याने माल पळत नाही, मागे माणूस उभा हवा. तो माणूस मी होतो आणि माझा पाय गाठोड्यावर होता, हे अजून सलतं.