रोजे सोडले का, चाचा?

पेशंट आमच्या दवाखान्यात छत्र्या विसरतात, चष्मे विसरतात, एकदा तर एक जावई सासूलाच बाकावर विसरून गेला होता. हे सगळं न्यायला कोणी ना कोणी परत येतं. बोललेलं मात्र कोणी परत नेत नाही, ते माझ्याकडेच साठत जातं! बावीस वर्षं मी चिखलीत पोटविकाराच्या डॉक्टरांकडे सिस्टर आहे. डॉक्टर पुण्याचे, अगदी हळू आणि शुद्ध बोलणारे. त्यामुळे पेशंटवर ओरडायचं काम माझ्याकडे. रमजान लागला की माझा घसा महिनाभर बसलेला असतो.

याला कारण आमचे लिव्हरचे जुने पेशंट. लिव्हर आकसलं की माणसाला फार वेळ उपाशी राहून चालत नाही. खाणं, पाणी, औषध सगळं वेळच्या वेळी लागतं. हे त्यांना पाठ आहे. पण रोजाचं नाव निघालं की एकच पालुपद, "एवढा महिना जाऊ द्या नं, बाई!"

*

अमडापूरच्या शमीमबींना डॉक्टरांनी सांगितलं, "उद्या रक्त तपासायला उपाशीपोटी या."

बाई आल्या संध्याकाळी पाच वाजता. लॅबवाला कुलूप लावत होता.

"अहो मावशी, सकाळी यायचं असते!" मी म्हटलं.

"सकाळी काऊन? सकाळी तं सहरी करून पोट गच्च होतं. आता पाहा, पहाटपासून पान्याचा थेंब नाही. याच्यापेक्षा उपाशी पोट तुमाले कुठं भेटन?"

तास मोजले तर बाराच्या वर भरले. लॅबवाल्यानं परत कुलूप उघडलं.

*

आता सत्तारचाचा. चाचा टेलर आहेत, सत्तरीला आलेले. जुन्या काविळीनं त्यांचं लिव्हर खराब झालं. पहिल्यांदा आले तेव्हा डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "दारू घेता का?"

चाचा खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या बायकोनं, सुग्राबींनी, पदर सावरला आणि डॉक्टरांना सुनावलं, "यांनी खोकल्याचं औषधबी शिशी हुंगल्याशिवाय घेतलं नाही कधी!"

पण लोकांचं तोंड कोण धरणार? लिव्हर म्हटलं की सगळे दारूच समजतात. चाचांना ते फार लागलं. पुढच्या खेपेला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कागदावर लिहून द्या, दारूनं नाही म्हनून. मोठ्या अक्षरात."

डॉक्टरांनी खरंच लिहून दिलं, सहीशिक्क्यासकट! चाचांनी ते फ्रेम करून दुकानात मशीनच्या वर टांगलं आहे. कापड टाकायला येणारा प्रत्येक जण आधी ते वाचतो.

*

चाचांना एक गोड पातळ औषध आहे. दिवसातून तीनदा घ्यायचं, म्हणजे पोट साफ राहतं आणि शरीरातली घाण डोक्यात चढत नाही. मागच्या रमजानात आम्हाला न विचारता चाचांनी रोजे धरले. दिवसा औषध घेता येईना. मग त्यांनी हिशेब लावला आणि पहाटे सहरीला तिन्ही वेळचं औषध एकदमच पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, फजरच्या नमाजले उभा राह्यलो अन् कळेना, नमाज पुरी करू का पळू?"

"मंग काय केलं?"

"पळालो. अल्लाह समजून घेते, पायजमा समजून घेत नाही!"

*

मी ओरडले, तरी रोजे चालूच राहिले आणि औषध मात्र सुटलं. त्याच महिन्यात, चौदाव्या रोजाला, चाचांनी ईदच्या एका कुर्त्याला तीन बाह्या लावल्या.

गिऱ्हाईक हसलं. दुकानात बसलेले सगळे हसले. चाचा गंभीरपणे त्या माणसाला म्हणाले, "मंग तिसरा हात कुठं घालसान?"

सुग्राबी हसल्या नाहीत. त्यांनी दुकान बंद केलं आणि चाचांना ऑटोत घालून आमच्याकडे आणलं. शेवटी घाण डोक्यात चढलीच होती. दोन दिवस चाचा बेशुद्ध होते. मी फार घाबरले होते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, पुन्हा असं झालं तर यांना परत आणता येईल, असं मी सांगू शकत नाही."

तिसऱ्या दिवशी चाचांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, "बाई, किती रोजे बुडाले?"

"रोजे कुठचे बुडाले? तुम्ही बुडून राह्यले होते!" मी ओरडले आणि मग बाहेर जाऊन रडले.

*

म्हणून यंदा डॉक्टरांनी रमजानच्या आधीच चाचांना बोलावलं. "चाचा, या वर्षी रोजे सोडा."

"हाव," चाचा म्हणाले.

इतक्या लवकर ऐकलं म्हणून डॉक्टर खूश, मीही खूश. रमजान लागून आठ दिवसांनी चाचा तपासायला आले, तर पाय सुजलेले, ओठ सुकलेले.

"रोजे सोडले का, चाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव, रोज सोडतो."

"रोज?"

"हाव. संध्याकाळी मगरिबची अजान झाली का सोडतो. काल खजुरानं सोडला, परवा भज्यानं."

डॉक्टरांच्या हातातला पेन खाली पडला! बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "ठेवायचेच नाहीत, चाचा! ठेवायचेच नाहीत!"

"मंग तसं म्हना नं," चाचा शांतपणे म्हणाले. "ठेवल्याशिवाय सोडता येते का?"

*

मी तिथूनच चाचांच्या मशिदीतल्या मौलानांना फोन लावला, स्पीकरवर. मौलाना तरुण आहेत, पण बोलणं मोजकं. म्हणाले, "चाचा, बिमाराले सूट अल्लाहनंच देली हाये. तुम्ही अल्लाहपेक्षा सक्त झाले का? एका रोजाच्या बदल्यात एका गरिबाले जेवू घाला."

चाचांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आठ वर्षांचा होतो, तवापासून ठेवून राह्यलो." मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण खरी अडचण पुढंच होती. "घरात सारे रोजेदार, दुकानात गिऱ्हाईक. दिवसाढवळ्या मी तोंड कुठं हालवू, बाई?"

म्हटलं, "माझ्या ड्रेसिंग रूममध्ये या." तिथं पडदा आहे.

चाचा रोज दुपारी पिशवीत डबा लपवून यायला लागले. त्यांचं पाहून शमीमबी आल्या, मग आणखी दोघं. आधी चौघंही एकमेकांना पाठ करून भिंतीकडे तोंड करून जेवायचे. चार दिवसांत एकमेकांच्या सुनांबद्दल बोलायला लागले, आणि सहाव्या दिवशी मी तिथं लोणच्याची बाटली पकडली! मीठ बंद आहे सगळ्यांचं! बाटली जप्त केली.

एकदा आतून मोठ्यानं हसणं ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आज एवढं ड्रेसिंग कशाचं चाललं आहे?"

"पोटाचं, सर!"

*

सोळावा की सतरावा रोजा असेल. त्या दुपारी चाचा एकटेच आले होते. एरवी मीही त्यांच्यासोबत डबा खायची. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाई, आज तुमचा डबा नाही?"

"आज माझी चतुर्थी, चाचा. रात्री चंद्र पाहूनच जेवीन. तुम्ही खा."

चाचांनी उघडलेल्या डब्याला परत झाकण लावलं. "मंग मीबी चंद्र पाहूनच खाईन."

"अहो, तुमची दोनची गोळी हाये! सकाळपासून चहा-बिस्किटावर आहात!"

"तुम्ही उपाशी बसून राह्यसान अन् मी तुमच्या समोर खाऊ? आमच्यात असं होत नाही, बाई."

मी ओरडले. डॉक्टरांचं नाव घेतलं, सुग्राबींना फोन करते म्हटलं. चाचांनी झाकण काही उघडलं नाही. दोन वाजून गेले, अडीच झाले. डब्यावर ठेवलेला त्यांचा हात बारीक हलायला लागला होता. तसा हात मी मागच्या वर्षी पाहिला होता, चाचा बेशुद्ध झाले त्या दिवशी.

तेवढ्यात चाचांनीच विचारलं, "बाई, तुमच्या उपासाले खिचडी चालते नं?"

"चालते."

"मंग घ्या नं! खिचडीच हाये."

त्यांनी झाकण काढून डबा माझ्यापुढं धरला. मुगाची डाळ, तांदूळ, वर थोडंसं जिरं. लग्न झाल्यापासून माझी एकही चतुर्थी मोडली नव्हती.

"चालते नं?" चाचांनी पुन्हा विचारलं.

"चालते, चाचा, चालते," मी म्हटलं आणि पहिला घास घेतला. मग त्यांनी घेतला.