मावशीच्या स्लॅबवरची छत्री

असले गूढ अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो. घरात सत्यनारायण व्हायचा, पण माझी श्रद्धा प्रसादाच्या वाटीपलीकडे कधी गेली नाही. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते झालं.

माझी मावशी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत राहते. तिचे यजमान — आमचे नाना — गेले, त्यानंतर तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसती कुजबुज. तिचा मुलगा दिलीप तिला नगरला न्यायच्या मागे लागला होता. मावशीला घर सोडायचं नव्हतं. पण पावसाळ्यापासून टीव्ही बंद, करमणूक शून्य. शेवटी दिलीपने अट घातली.

"आज टीव्ही लागला तर ऱ्हा. न्हाईतर बॅग भर, गाडी उभी हाय."

बंगल्याच्या पाटीवर स्वतःच्या नावाआधी 'मा.' लावणारा माणूस. अटी घालणं त्याला शोभतं.

अँटेनाचं काम माझ्याकडे आलं. आधीच्या माणसाने डिशची छोटी छत्री शोभेसाठी घराच्या दर्शनी बाजूला बसवली होती, बरोबर आंब्याच्या आड. पाईप बारीक, वारा सुटला की डुलायचा. मी मोठी छत्री आणि जाड पाईप आणला. स्लॅबच्या मागच्या कोपऱ्यातून आग्नेयेचं आकाश मोकळं दिसतं, तिथे पक्का केला. उरलं छत्रीचं तोंड नीट वळवणं. वर एकाने फिरवायचं, खाली दुसऱ्याने टीव्हीसमोर बसून "आलं... गेलं" ओरडायचं — घरोघरची पद्धत. पण मावशी ओरडणार कशी? ठरलं, की चित्र आलं की तिने ताट वाजवायचं.

"दिलीप, तू बस ना टीव्हीपाशी."

"म्हंजे माझ्याच पायावर धोंडा?" तो हसला आणि गाडीत काचा वर करून फोनवर बोलत बसला.

भर दुपार. मी छत्री केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत होतो. ताट गप्प. आता बॅग भरली जाणार, असं वाटत असतानाच खालून खणखणीत आवाज आला —

"लागलं! हात काढ!"

मी हात काढला, नट आवळले. आणि मग थबकलो. जुनी अ‍ॅल्युमिनियमची अँटेना वर कुणी फिरवत असलं की नाना खालून हेच ओरडायचे. बाकी सगळं गाव "आलं" म्हणतं.

खाली आलो. चित्र स्वच्छ. शेजारचे सगळे भातकापणीला गेलेले. दिलीपच्या गाडीच्या काचा अजून वरच. शिवाय त्याला टीव्ही न लागण्यातच रस. माझ्या कानांनी जुनी आठवण ऐकली म्हणावं, तर आठवणीला खालचं चित्र कसं दिसलं?

दिलीप आत आला, पडद्याकडे बघत राहिला. "लागला व्हय..." म्हणाला, आणि रिकामी बॅग त्यानेच परत कपाटावर टाकली.

तो बाहेर गेल्यावर मी विचारलं, "मावशी, ताट का नाही वाजवलंस?"

पडद्यावरची नजर न काढता ती कुजबुजली, "ह्ये बोलले की. मंग मी कशाला वाजवू?"

मावशी अजून तिथेच राहते. नंतरच्या वाऱ्यापावसात छत्री तसूभरही हललेली नाही. ते मात्र जाड पाईपमुळे — तेवढं मी समजावून सांगू शकतो.