रविवारची हजेरी

इंग्लंडातल्या त्या ओल्या गावात आम्ही दर रविवारी चर्चला जायचो, ते काही देवासाठी नव्हे. मुलगी चार वर्षांची होत आली होती आणि गावातली एकमेव धड शाळा चर्चची होती. जे नेमानं प्रार्थनेला येतात त्यांच्या मुलांना आधी जागा, असा तिथला नियम. म्हणून मी, नवरा आणि मुलगी पुढच्या बाकावर बसायचो, पाद्र्याच्या नजरेत येऊ असं. मला त्या बाकाचा, त्या गारठलेल्या भिंतींचा आणि माझ्या मुलीच्या कानातले डूल निरखत बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा मनापासून तिटकारा होता. नवरा मात्र डोळे मिटून शांत बसायचा. त्याला झोप लागायची.

मला हा प्रकार नवा नव्हता. घाटनांदूरच्या बाजूला आमचं गाव. तिथला साखर कारखाना सहकारी होता, म्हणजे कागदावर सगळ्यांचा आणि खरा चेअरमनचा. चेअरमन दरवर्षी हरिनामाचा सप्ता बसवायचा. जो सातही दिवस पुढच्या रांगेत दिसेल, त्याच्या उसाला तोडणीची टोळी आधी यायची. दुष्काळाच्या वर्षी तर सगळं गाव मंडपात लोटलं, कारण विहिरी आटल्या होत्या आणि ऊस उभ्याउभ्या वाळत होता. आबा, म्हणजे माझे वडील, तेवढे गेले नाहीत.

"इठ्ठलाला भेटाया चेअरमनचा मंडप कावून?" ते म्हणाले.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी," आई म्हणाली.

"हरीनं धरले असतील. मी धरनार न्हाई."

टोळी आलीच नाही. उसाचं चिपाड झालं. बैल चारा छावणीवर न्यावे लागले आणि त्यांच्यापाशी राहायला माणूस हवं, म्हणून माझी अंबाजोगाईची शाळा सुटली. मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या आणि मी वर्षभर छावणीत शेण काढत राहिले. गाव आबांना बाणेदार म्हणायचं. बाणा त्यांचा आणि शेण माझ्या वाट्याला, हे कुणी म्हणायचं नाही. मी ते कधी विसरले नाही आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

आई गेल्यावर आबा थोडे दिवस आमच्याकडे आले. रविवारी सकाळी मी त्यांना घरीच थांबायला सांगितलं. कुठं चाललात ते त्यांनी विचारलं, मी नियम सांगितला.

"म्हंजी सप्ताच की," आबा म्हणाले आणि आरशासमोर फेटा बांधायला लागले.

शाळेचा निर्णय त्याच महिन्यात लागायचा होता.

चर्चमध्ये सगळ्या माना फेट्याकडे वळल्या. आमच्या बाकावरची एक बाई उठून मागं जाऊन बसली. आबा ताठ बसून होते. शेवटी पाद्र्यानं प्रार्थना सुरू केली. पाऊस उघडीप देत नाही, शनिवारी चर्चच्या आवारात आपली केकविक्रीची जत्रा आहे, तर देवा, पाऊस थांबव. सगळे आमेन म्हणाले. नवरा नेमका त्याच दिवशी जागा होता. त्यानं ते आबांना मराठीत सांगितलं. मला वाटलं, याला उचलून बाकाखाली घालावं.

"पाऊस थांबव म्हनतोय त्यो?" आबांनी मोठ्यानं विचारलं. "कावून?"

"केक भिजतात म्हणून," मी म्हणाले.

आबांचा जबडा आवळला. तो जबडा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. त्यानंच आमचा ऊस वाळवला होता. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"आबा, इथं काही करायचं नाही. माझी शाळा घालवली तुम्ही, हिची घालवू नका."

इतक्या वर्षांत हे मी त्यांना तोंडावर कधीच म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

प्रार्थना संपली की पाद्री दारात उभा राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचा. आबांची पाळी आली. त्यानं हात पुढं केला. आबांनी फेटा सावरला, खाली वाकून त्याच्या बुटांना दोन्ही हात लावले आणि ते कपाळाला लावले. पाद्री दचकून मागं सरला. रांगेत कुणीतरी हसलं. उठताना आबांचा तोल गेला, नवऱ्यानं सावरलं.

"पोरीला साळंत घ्या म्हनावं," आबा मला म्हणाले. "सांग त्याला."

मी सांगितलं नाही. जी एक गोष्ट केली नाही म्हणून मी त्यांच्यावर जन्मभर धुमसत होते, ती डोळ्यांदेखत घडली आणि मला ती पाहवली नाही. पाद्र्याचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त आबांचा आला.

भर पावसात घरी चालत निघालो. मी फणकाऱ्यानं विचारलं, "कुणी सांगितलं होतं पाया पडायला?"

"तुझ्या आईनं," आबा म्हणाले.

मुलीला शाळा मिळाली. आबा गावी परतले. एका सकाळी शाळेच्या फाटकाशी पाद्री भेटला आणि त्यानं आबांची चौकशी केली. इतका नम्र माणूस आपण पाहिला नाही, म्हणाला.

"ते नम्र नाहीत," मी म्हणाले. "ते कुणापुढं वाकत नाहीत."

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करते आहे.