पायाळूचा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागाहून. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण पळते, असा आपल्याकडे समज. मला येणारी ही एकच विद्या, आणि तीही न शिकता आलेली.

संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी कोकणातून कोल्हापुरात आलो, शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर कारकून म्हणून चिकटलो आणि जवळच्या गल्लीत खोली घेतली. आई नुकतीच गेली होती. तिच्यामागे घर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. अडतीवरून खोलीवर आलो की दुसऱ्या सकाळपर्यंत बोलायला भिंती. मग एकदा घरमालकीण कळशी उचलताना कंबर धरून खाली बसल्या आणि मी सहज म्हणालो, "मी पायाळू आहे."

दुसऱ्या दिवशी दारात माणसं.

"कंचा पाय पैला आलता, पावणं?" एका म्हाताऱ्या हमालानं विचारलं.

हे सांगू शकणारी एकच बाई होती, आणि ती आता नव्हती. मी ऐटीत उजवा पाय पुढे केला. "हा."

नुसता पाय लावून भागवणं माझ्या स्वभावात नाही. मी दाराच्या पायरीवर उभा राहायचो, डोळे मिटायचो, ओठ उगाच हलवायचो, पाठीवर टाच टेकवायचो आणि शेवटी एक गिरकी. गल्ली खूश, गल्लीहून मी खूश. रोज कोणी ना कोणी यायचं, माझ्याकडे पाठ करून ओणवं व्हायचं, "बरं वाटलं बगा" म्हणून निघून जायचं. मी गल्लीला पाठीवरून ओळखू लागलो. बाजारात कुणी समोरून आलं तर ओळख पटत नसे. ओलांडून पुढे गेलं की पटे.

एके सकाळी गिरकी पायरीच्या कडेवर उतरली. पाऊल आत वळलं, घोट्यात कट्‌ झालं. घोटा उजवाच.

डॉक्टरांनी दाबून पाहिलं. हाड शाबूत होतं. "पाय उशीवर चढवून ठेवा. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. दुखतंय तोवर भार द्यायचा नाही. आणि सूज आहे तोवर चोळायचं नाही, कुणी कितीही माया दाखवली तरी." ही शेवटची सूचना पाळायला मला काहीच त्रास झाला नाही.

मी दार उघडं ठेवून खाटेवर पडलो. गल्ली दारापर्यंत यायची. "कवा चालू हुईल?" पिठाच्या गिरणीची चौकशी करावी तशी.

"सूज उतरल्यावर."

"मग येतो."

पाण्याचा माठ कोपऱ्यात. एका पायावर उड्या मारत तिथवर जायचो, परत येईतो अर्धं भांडं सांडलेलं. पट्टी घोट्यावरच वाळून जायची.

मालकीणबाई एकदा डोकावल्या. मागे तो हमाल कंबर धरून उभा. "डावा चालंल का हो?" बाईंनी विचारलं.

चालला असता. मी हो म्हटलं असतं तर खोली पुन्हा पाठींनी भरली असती. पण मला आता बघायचंच होतं, पायाशिवाय माझ्याकडे कोणी येतं का. "डाव्याला गुण नाही," मी म्हणालो. दोघं गेली.

मग खरोखर कोणी आलं नाही. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायला सांगितली होती, म्हणजे सांधा आखडत नाही. मी बाराखडी काढली. ती संपल्यावर पुन्हा 'क'.

गडमुडशिंगीची दूधवाली दारातच दूध ओतून जायची. त्या दिवशी तिनं किटली खाली ठेवली आणि सरळ आत आली. मी सवयीनं म्हणालो, "वळा. भिंतीला हात टेका."

"माझी पाठ कशाला बगतासा? पाय बगाय आलोय." ती समोर फतकल मारून बसली आणि सुजेवर हळूच बोट ठेवून पाहिलं. "आमच्या म्हशीचा पाय मुरगळलाता, तवा ती तुमच्यापरास गुमान बसलीती."

"तिला बघायला कोण यायचं?"

"मी की," ती म्हणाली आणि वाळलेली पट्टी काढून पाण्यात बुडवली.