ढिलं मनगट

पिस्तूल थकतं ते आधी स्प्रिंगमध्ये. नळी हजारो गोळ्या सोसते. पण गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा भाग, मागे जाते. तिला परत पुढे आणून बसवणारी स्प्रिंग झिजतेच. ती मलूल झाली की स्लाइड पुरती मिटत नाही आणि पुढची गोळी अडकते. परभणीच्या एका नेमबाजी क्लबात पोरं शिकवण्यात माझं वय गेलं. मला हे कुणी सांगायला नको होतं.

क्लबात एकाच बनावटीची दोन पिस्तुलं होती. एक सरावाचं. चाचण्याही त्याच्यावरच व्हायच्या, सगळ्या पोरांनी ते वर्षानुवर्षं झोडलेलं. दुसरं कुणी तरी देणगी दिलेलं, कपाटात. दसऱ्याला बाहेर निघायचं, हळदीकुंकू, झेंडूचा हार, फोटो, की परत कुलूप. न वापरल्याने वस्तू टिकते, हा सेक्रेटरींचा कायदा. म्हणजे एक मरेस्तोवर राबवायचं आणि दुसरं पुजायचं. किल्ली माझ्याजवळ असायची. त्यातली स्प्रिंग काढून सरावाच्या पिस्तुलात घालायला चहा पिण्याइतका वेळ लागला असता. पुजलेलं शस्त्र उघडलं म्हणून सेक्रेटरी बोलतील, एवढ्याच धाकाने मी ते केलं नाही.

मानवतहून एक पोरगी एसटीने सरावाला यायची. हात असा स्थिर, की मला तिचा हेवा वाटायचा. राज्याच्या स्पर्धेसाठी निवड चाचणी होती आणि वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. ऐन चाचणीत गोळी अडकली. मग पुन्हा अडकली. वेळ संपली.

"सर, स्प्रिंग गेलीय याची," ती म्हणाली. "लय दिवसांपासून सांगायलेय मी."

सेक्रेटरी खुर्चीतूनच म्हणाले, "पिस्तुलाला काय धाड भरली न्हाई. भाकरी थापायचं मनगट हाय ते. काय मास्तर?"

लोक हसले. मनगट ढिलं असलं तरी गोळी अडकते, हे खरं आहे. म्हणून तर माझं खोटं खपलं.

"ढिलं धरतीस तू," मी म्हणालो.

तिने पिस्तूल रिकामं केलं, टेबलावर ठेवलं आणि गेली. परत आली नाही.

त्याच आठवड्यात मी कपाट उघडलं आणि स्प्रिंग बदलली. मुद्दाम मनगट सैल सोडून गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. सेक्रेटरी खुशीत म्हणाले, "बगा, पोरगी गेली अन् पिस्तूल सुधरलं." त्यांचं तोंड फोडावंसं वाटलं. मी पिस्तूल पुसत बसलो.

यंदा मानवतला गेलो. ती आता झेरॉक्सच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं: दोष स्प्रिंगचा होता, मला माहीत होतं.

"मलाही माहीत होतं सर," ती कागदांची चळत सरळ करत म्हणाली. "ते सगळ्यांच्याच हातात अडकायचं. बाकीच्यांना तुमी म्हणायचात, परत मार. मला तेवढं मनगट ढिलं म्हणालात."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. तिने त्याच्या हातातलं आधार कार्ड घेतलं आणि विचारलं, "दोन्ही बाजू का?"