कर्णिककाकूंचं मागणं

कर्णिककाकू कधी काही मागायच्या नाहीत. समोरच्यावर उपकार केल्यासारखं दाखवून घेऊन जायच्या. घरातली लिंबं संपली की आमची बेल वाजवायच्या. "तुझी लिंबं सुकून जातील गं. दे दोन, वापरून टाकते."

दिंडोशीच्या या इमारतीत आमची दारं समोरासमोर. आम्ही बौद्ध, हे त्या उघड बोलायच्या नाहीत, फक्त आठवण करून द्यायच्या. "आम्ही असलं काही मानत नाही हो. तुमच्याकडचा चहासुद्धा घेते मी." आई शांतपणे म्हणायची, "घ्या ना वहिनी, आम्हीही तोच पितो." बेल वाजली की ती मला डोळा मारायची, "आल्या बघ पायधूळ झाडायला." शिष्ट होत्याच, पण आम्हाला त्यांची सवय झाली होती.

काका विसरायला लागले, तेही काकूंनी कुणाला कळू दिलं नाही. "हे हल्ली विचारात असतात," एवढंच सांगायच्या.

एका दुपारी त्या दारात आल्या. "दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली असतेस. जा, मार्केटपर्यंत एक चक्कर मारून ये. काका दिसले तर सांग, जेवण गार होतंय."

"मीटिंग आहे काकू. संध्याकाळी जाते ना."

"बघ बाई. तुझ्याच तब्येतीला बरं." तरी त्या जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

दिवेलागणीला त्या अनवाणी आल्या आणि आईच्या पायांवर कोसळल्या. "हे सकाळपासून घरी नाहीत. त्यांना घर ओळखता येत नाही हो. पाया पडते, शोधा त्यांना."

"उठा वहिनी. दुपारीच का नाही बोललात?"

"कसं बोलू?"

आम्ही धावत खाली गेलो. गेटबाहेरचा चहावाला म्हणाला, "काका ना? चार वाजेपर्यंत इथंच बाकड्यावर बसले होते की." काकू माझ्या मागेच होत्या. त्यांनी ते ऐकलं.

पोलीस चौकी, हॉस्पिटलं, मालाडचा बाजार, सगळं पालथं घातलं. काका अजून सापडलेले नाहीत.

आता काकू रोज फोटो घेऊन गेटवर उभ्या असतात. ज्या वॉचमनला 'ए' म्हणून हाक मारायच्या, त्याच्यापुढे, पार्सलवाल्यांपुढे गयावया करतात. "दादा, उपकार होतील. यांना कुठं पाहिलंत का?" ते मला बघवत नाही.

काल मी मुद्दाम लिंबं घेऊन गेले. "काकू, आमच्याकडे सुकतायत. वापरून टाका." वाटलं, आता तरी म्हणतील, तुला कुठं काही टिकवता येतं. एकदा तरी त्यांनी मला तसं हिणवावं, असं फार वाटत होतं.

काकूंनी फोटो काखेत धरला आणि माझ्यापुढे हात जोडले. "तुमचे फार उपकार आहेत," त्या म्हणाल्या.